पॉलिसी गहाण ठेवली, दागिने मोडले, पेपरातून लोकांकडे पैसे मागितले... फाळकेंनी पिक्चरसाठी पैसा उभा केला तो असा

छत्रपती संभाजीनगरमध्ये सिनेमाचं वेड नवीन नाही. ‘जिगीषा’सारखी नाट्यसंस्था याच शहरात उभी राहिली. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातून बाहेर पडलेली पोरं मुंबईत जाऊन नाव कमवून आली. आता तर शहरात अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. महोत्सवातून बाहेर पडणाऱ्या दर दहा पोरांपैकी दोघा-तिघांच्या डोक्यात तरी एक स्क्रिप्ट असतेच. चार मित्र, एक जुनी गाडी, दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ करत पुढे जाणारा रस्ता आणि त्या रस्त्यावर घडणारी गोष्ट. थोडक्यात रोड मूव्ही.

स्क्रिप्ट असते, कॅमेरा भाड्याने मिळतो, मित्र फुकटात काम करायला तयार असतात. अडतं ते पैशावर. मग कुणीतरी सुचवतं की क्राउडफंडिंग करू. म्हणजे एका शेठकडे जाण्यापेक्षा शंभर लोकांकडून थोडे थोडे घेऊ.

आपल्याकडे हे आधी झालंय. १९७६ च्या ‘मंथन’साठी गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये दिले होते. त्या पिक्चरची पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या जॉन अब्राहम या मल्याळी दिग्दर्शकाने तर ‘ओडेसा’ नावाचा ग्रुप काढला, गावोगावी पिक्चर दाखवत लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि त्यातून १९८६ साली ‘अम्मा अरियान’ काढला. तोही एका प्रवासाचाच पिक्चर.

पण भारतात पिक्चरसाठी पैसे मागत फिरण्याची गोष्ट याच्याही खूप आधी सुरू होते. ज्या माणसाने पहिला पूर्ण लांबीचा भारतीय चित्रपट काढला, त्याच्याकडे ना स्टुडिओ होता, ना फायनान्सर, ना बँकेत पैसा. दादासाहेब फाळके हे नाव आपल्याला पुरस्कारामुळे माहिती असतं. पण त्यांनी पैसे कुठून आणले, कुणी दिले, कुणी नाकारले आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे फारसं कुणी सांगत नाही.

तर सुरुवातीपासून बघू.

चाळिशी आली तरी सेटल न झालेला माणूस

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजमध्ये शिकवायची नोकरी लागली आणि कुटुंब मुंबईला आलं. धुंडिराजने १८८५ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. पुढे थोरल्या भावाबरोबर बडोद्याला गेला आणि तिथल्या कलाभवनात चित्रकला, मॉडेलिंग, आर्किटेक्चर, फोटोग्राफी असं दिसेल ते शिकला. कलाभवनचे प्राचार्य प्रा. गज्जर यांनी या पोराची हुशारी ओळखली आणि त्याला फोटो स्टुडिओ वापरायला दिला.

इथपर्यंत सगळं छान वाटतं. पण पुढची पंधरा-वीस वर्षं बघितली तर कुठल्याही घरातल्या वडीलधाऱ्यांनी डोक्याला हात लावला असता. गोध्र्यात फोटोग्राफीचा धंदा सुरू केला. तिथे प्लेगमध्ये पहिली बायको आणि मूल गेलं. बडोद्याला परत येऊन पुन्हा धंदा मांडला, तर फोटो काढला की अंगातली शक्ती जाते या समजुतीमुळे गिऱ्हाईक येईना. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवून झाले. एका परदेशी जादूगाराकडून जादू शिकली आणि आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने खेळही केले.

१९०२ साली दुसरं लग्न झालं. गिरिजा करंदीकर लग्नानंतर सरस्वतीबाई फाळके झाल्या. हे नाव लक्षात ठेवा, कारण या गोष्टीतली सगळ्यात मोठी गुंतवणूकदार हीच बाई आहे.

१९०३ साली पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची सरकारी नोकरी लागली. पण बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची लाट आली आणि फाळकेंनी नोकरी सोडली. लोणावळ्यात छापखाना काढला, तो मुंबईत दादरला आणला. भांडवलदार भागीदार मिळाले, ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ उभं राहिलं. रंगीत छपाईची मशिनरी आणायला १९०९ साली फाळके जर्मनीला जाऊन आले. धंदा चालायला लागला आणि नेमकं तेव्हा भागीदारांशी वाजलं. फाळके बाहेर पडले.

आता इथे एक पॅटर्न दिसायला लागतो. पैसा भागीदाराचा, कसब फाळकेंचं, आणि काम कसं करायचं यावरून भांडण. हाच पॅटर्न पुढे आयुष्यभर त्यांचा पाठलाग करणार होता.

एक पिक्चर बघितला आणि डोकं फिरलं

१९१०-११ च्या सुमाराला गिरगावातल्या एका तंबू थिएटरात फाळकेंनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि यांच्या डोळ्यासमोर राम आणि कृष्ण चालायला लागले. परदेशी लोकांचे देव पडद्यावर येतात तर आपले का नाही, एवढा साधा प्रश्न होता. याबद्दल त्यांनी स्वतःच पुढे ‘नवयुग’ मासिकात सविस्तर लिहून ठेवलंय.

त्यानंतर झपाटल्यासारखं सुरू झालं. मिळेल तो पिक्चर बघायचा. एक छोटा कॅमेरा आणि रिळं आणून घरी रात्रंदिवस प्रयोग करायचे. झोप नाही, जेवणाचा पत्ता नाही. इतका ताण पडला की काही काळ दिसायचंच बंद झालं. डॉक्टरांच्या उपचारांनी दृष्टी परत आली.

वय चाळिशीच्या पुढे. हाताला काम नाही, घरात मुलं, नुकतंच आंधळेपणातून वाचलेले. अशा माणसाने जाऊन सांगितलं की मला हलत्या चित्रांचा धंदा काढायचाय, तर कोण पैसे देणार? कुणीच दिले नाहीत. नातेवाईक आणि शेजारीपाजारी यांच्या दृष्टीने तर फाळके वेडे झाले होते.

पहिला पैसा स्वतःचा

फाळकेंकडे तारण ठेवण्यासारखी एकच गोष्ट होती, आयुर्विम्याची पॉलिसी. साधारण १२ हजारांच्या पॉलिसी त्यांनी गहाण टाकल्या आणि १० हजारांचं कर्ज उचललं असं सांगितलं जातं. आता याचा अर्थ काय होतो बघा. विमा हा माणूस गेल्यावर बायकापोरांसाठी असतो. म्हणजे फाळकेंनी स्वतःचं नाही, तर कुटुंबाचं भविष्य गहाण टाकलं होतं. आणि हे सरस्वतीबाईंना माहिती होतं.

१ फेब्रुवारी १९१२ ला फाळके लंडनच्या बोटीत बसले. लंडनमध्ये ओळख कुणाची नाही. ‘बायोस्कोप’ नावाच्या सिनेमाच्या साप्ताहिकाच्या कचेरीत जाऊन त्यांनी थेट संपादकांची गाठ घेतली. संपादकांनी आधी समजावलं की तिकडचेच निर्माते बुडतायत, भारतातलं हवामानही या धंद्याला मानवणार नाही. पण समोरचा माणूस ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनीच सेसिल हेपवर्थ या मोठ्या इंग्लिश निर्मात्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांच्या स्टुडिओत फाळकेंनी शूटिंग कसं करतात ते पाहिलं, शिकले, साधारण ५० पौंडांचा विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र विकत घेतलं, कच्च्या फिल्मची ऑर्डर दिली आणि एप्रिलमध्ये परत आले.

कर्जाचा पैसा सामानातच संपला. पिक्चर काढायला एक रुपया उरला नव्हता.

वाटाण्याचं रोप आणि पहिला फायनान्सर

आज कुणाकडे पैसे मागायला गेलं की तो विचारतो, टीझर आहे का? सँपल दाखवा. फाळकेंना हे १९१२ सालीच कळलं होतं.

त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा मांडला आणि रोज थोडी थोडी फिल्म उघडत महिनाभराहून जास्त काळ त्या रोपाचं चित्र घेत राहिले. पिक्चर पडद्यावर लावला तर मिनिटभरात बी फुटलं, कोंब वर आला, वेल चढली. ‘अंकुराची वाढ’ असं त्या छोट्या पिक्चरचं नाव.

यात हुशारी काय होती? एकतर या पिक्चरला नट लागत नव्हता, सेट लागत नव्हता, खर्च जवळजवळ शून्य. दुसरं म्हणजे हे दृश्य उघड्या डोळ्यांनी कुणालाच दिसणं शक्य नव्हतं. त्यामुळे बघणाऱ्याला एका झटक्यात समजायचं की हा कॅमेरा काय करू शकतो. निवडक लोकांना घरी बोलावून त्यांनी हा खेळ दाखवला. यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देव्हारे यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. पण कर्ज तारणावर. पुढे पैसे कमी पडले तेव्हा सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले.

आणि त्यांचं योगदान दागिन्यांवर थांबलं नाही. विकत आणलेल्या कच्च्या फिल्मला तेव्हा कडेची भोकं नसायची. ती अंधारात, एकसारख्या अंतराने, हाताने यंत्र चालवून पाडावी लागत. एक चुकलं तर चित्र पडद्यावर नाचणार. सरस्वतीबाई ते काम शिकल्या. दिवसा साठ-सत्तर लोकांचा स्वयंपाक, शूटिंगच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परतवणं, रात्री पोरं झोपली की फिल्मला भोकं पाडणं आणि डेव्हलपिंगला मदत. त्यांचा पगार शून्य. आजच्या भाषेत त्या प्रोड्यूसर, लाइटमन, लॅब टेक्निशियन आणि कॅटरिंग असं सगळं होत्या.

हरिश्चंद्राची फॅक्टरी

विषय ठरला राजा हरिश्चंद्र. यामागेही हिशोब होता. ही गोष्ट लोकांना पाठ होती. मूकपट असल्यामुळे संवाद नाहीत, प्रेक्षकांतले बरेच जण वाचू शकत नाहीत, तरीही गोष्ट कळायला अडचण येणार नव्हती.

दादरच्या बंगल्यात स्टुडिओ मांडला. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले. तारामतीसाठी बाई मिळेना. सिनेमात काम करायला कुणीही तयार नव्हतं. शेवटी एका हॉटेलात कामाला असलेले अण्णा साळुंके फाळकेंच्या नजरेला पडले. तिथे १० रुपये पगार होता, फाळकेंनी १५ देऊ केले आणि अण्णा तारामती झाले. रोहिदासाच्या भूमिकेला बाहेरचा मुलगा मिळेना, कारण त्या पात्राचा पडद्यावर मृत्यू होतो आणि तसं आपल्या पोराबाबत बघायला कोण आईबाप तयार होणार? मग फाळकेंनी स्वतःचा मुलगा भालचंद्र उभा केला.

सिनेमात काम करतो असं सांगायची तेव्हा लाज वाटायची. म्हणून फाळकेंनी नटांना सांगून ठेवलं होतं की कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे असं सांगा.

आउटडोअर शूटिंगचा किस्सा तर भारी आहे. मुंबईबाहेर वांगणीला युनिट गेलं. फाळके मागाहून येणार होते. तलवारी, भाले, दाढीमिशा लावलेली मंडळी बघून गावकऱ्यांना वाटलं दरोडेखोर आले. पोलीस पाटलाने सगळ्यांना धरून ठेवलं असं सांगतात. फाळके पोचले, कॅमेरा दाखवला, शूटिंग म्हणजे काय ते समजावलं, तेव्हा कुठे सुटका झाली. परवानगी न काढता रस्त्यावर शूट करणाऱ्या आजच्या पोरांना ही गोष्ट आपलीच वाटेल.

जवळपास सात महिने लागले. तयार झालेली फिल्म सुमारे ३,७०० फूट भरली. २१ एप्रिल १९१३ ला ग्रँट रोडच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला.

पिक्चर चालला. पण प्रत्येक गावात आपोआप चालला असं नाही. जो प्रेक्षक दोन आण्यांत सहा-सहा तासांचं नाटक बघायचा, तो तीन आणे मोजून तासाभराचा मुका खेळ का बघेल? एका गावात तर पहिल्या दिवशी जेमतेम तीन रुपयांचा गल्ला जमला असं सांगतात. मग फाळकेंनी जाहिरातच बदलली. ५७,००० फोटो, दोन मैल लांबीचं चित्र आणि तेही फक्त तीन आण्यांत, अशा अर्थाची जाहिरात केली आणि गर्दी लोटली.

आता हा हिशोब करून बघू. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रं बसतात. ३,७०० गुणिले १६ म्हणजे ५९,२००. म्हणजे फोटोंचा आकडा बरोबर होता. पण ३,७०० फूट म्हणजे एक मैलसुद्धा होत नाही. दोन मैल ही शुद्ध मार्केटिंगची लांबी होती.

पैसा आला, आणि युद्धही आलं

‘राजा हरिश्चंद्र’च्या कमाईतून कर्ज फिटायला लागलं. फाळकेंनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं. तिथे नदी, घाट, देवळं, डोंगर असे तयार सेट होते. ‘मोहिनी भस्मासुर’ आला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या खऱ्या स्त्रिया पडद्यावर आल्या. मग ‘सत्यवान सावित्री’. एका पिक्चरची कमाई पुढच्यात, असं चक्र सुरू झालं.

१९१४ साली हे पिक्चर घेऊन फाळके पुन्हा लंडनला गेले. तिथल्या जाणकारांनी कौतुक केलं. हेपवर्थ यांनी तर इंग्लंडमध्येच राहून भारतीय पिक्चर काढण्याची ऑफर दिली. पगार, नफ्यात वाटा, सगळा खर्च त्यांचा. फाळकेंनी नाही म्हणून सांगितलं. हा धंदा त्यांना भारतातच उभा करायचा होता.

हा निर्णय महागात पडला. कारण तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं. नव्या मशिनरीसाठी पैसे कबूल केलेल्या लोकांनी हात आखडते घेतले. कच्ची फिल्म परदेशातून यायची, तिचा भरवसा राहिला नाही. परत आले तर नाशिकचा स्टुडिओ ठप्प. माणसं पांगलेली. डोक्यावर कर्ज.

आणि इथे फाळकेंनी जे केलं, त्याला आज आपण क्राउडफंडिंग म्हणतो.

आधी त्यांनी पैसेवाल्यांसमोर हप्त्यांची योजना मांडली. सगळी रक्कम एकदम नको, थोडी द्या, तेवढ्यात पिक्चर काढून दाखवतो, मग पुढची द्या. जमलं नाही. मग त्यांनी वर्तमानपत्रांतून लोकांना जाहीर आवाहन केलं. व्याज देतो, पण भारतीय चित्रपटाच्या धंद्याला कर्ज द्या. टिळकांच्या ‘केसरी’ने त्यांची बाजू उचलून धरली. स्वदेशी कापड आणि स्वदेशी काडेपेटीसाठी आपण भांडतो, तर स्वदेशी सिनेमा का नको, हा मुद्दा होता.

लोकांनी कौतुक भरपूर केलं. पैसे फारसे आले नाहीत.

मग फाळके रस्त्यावर उतरले. प्रोजेक्टर आणि पिक्चरची रिळं घेऊन संस्थानांच्या दौऱ्यावर निघाले. औंध, जमखंडी, इंदूर अशा ठिकाणी राजेमहाराजांसमोर खेळ करायचा आणि मदत मागायची. कुठे कर्ज मिळालं, कुठे खेळाचं मानधन. म्हणजे पिक्चर दाखवत पुढच्या पिक्चरचे पैसे गोळा करत फिरणं. जॉन अब्राहमच्या ‘ओडेसा’ने केरळात हेच केलं, पण तब्बल सत्तर वर्षांनी.

फरक एवढाच की फाळके एकटे होते. त्यांच्यामागे ग्रुप नव्हता आणि त्यांना मिळत होतं ते कर्ज होतं. वर्गणी बुडाली तर लोक विसरतात, कर्ज बुडालं तर सावकार दारात येतो.

बैलगाडीभर नाणी आणि पाच भागीदार

या जमवलेल्या पैशातून १९१७ साली ‘लंकादहन’ आला. अण्णा साळुंकेंनी यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. हनुमानाने लंका जाळताना बघायला लोक गाड्या जुंपून आले. गल्ल्याची नाणी पोत्यात भरून बैलगाडीतून, पोलीस बंदोबस्तात न्यावी लागली असा किस्सा आजही सांगितला जातो.

जे दोन वर्षांपूर्वी दारात उभं करत नव्हते, ते आता फाळकेंच्या मागे लागले. लोकमान्य टिळक आणि रतनजी टाटांसारख्या मोठ्या माणसांच्या पुढाकाराने फाळकेंची एक लिमिटेड कंपनी काढायचीही बोलणी झाली, पण ती पूर्ण झाली नाही. शेवटी १९१८ च्या सुरुवातीला नाशिकला ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी’ उभी राहिली. भांडवल वामन आपटे आणि मुंबईच्या इतर व्यापारी भागीदारांचं, फाळके कामाचे भागीदार.

‘श्रीकृष्ण जन्म’ आणि ‘कालिया मर्दन’ याच काळातले. कृष्ण झाली होती फाळकेंची लहान मुलगी मंदाकिनी. दोन्ही पिक्चर तुफान चालले. आता कर्ज नव्हतं, सावकार नव्हता. तरीही भांडणं सुरू झाली.

भागीदारांचं म्हणणं असायचं की खर्च कमी करा, लवकर करा, कशाला किती लागलं त्याचा हिशोब द्या. फाळकेंचं म्हणणं असायचं की एखादा शॉट मनासारखा होईपर्यंत पुन्हा घ्यावाच लागतो. दोन्ही बाजूंचं काहीतरी बरोबर होतं. ज्याने पैसा घातलाय त्याला हिशोब मागायचा हक्क आहे. आणि ज्याने हे माध्यम स्वतःच्या डोळ्यांची किंमत देऊन शिकून घेतलं, त्याला कारकुनासारखं वागवलेलं सहन होणार नाही, हेही खरं.

मोठा प्रश्न होता मालकीचा. विम्याची पॉलिसी गहाण टाकून काढलेला पिक्चर फाळकेंचा होता. पोटाला चिमटा होता, पण निर्णय त्यांचे होते. कंपनीच्या पैशातून काढलेला पिक्चर कंपनीचा होता. पैसा जितका सुरक्षित झाला, तितके फाळके पगारी होत गेले.

कंटाळून त्यांनी कंपनी सोडली आणि कुटुंबासह काशीला जाऊन राहिले. तिथे ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं. पण नाटकात ना मन रमलं, ना त्यातून पैसा आला. १९२२ मध्ये ते परत त्याच कंपनीत आले, आणि पुढची काही वर्षं येणं, भांडणं, जाणं असंच चालत राहिलं.

काळ बदलला

१९३१ साली ‘आलम आरा’ आला आणि पिक्चर बोलायला लागला. फाळकेंचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून बनला होता, त्यावर नंतर आवाज चढवावा लागला. १९३७ साली कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ केला. त्यांचा हा एकमेव बोलपट आणि शेवटचा पिक्चर. वय ६७.

पंचवीस वर्षांत सुमारे ९५ चित्रपट आणि २५ हून अधिक लघुपट त्यांच्या नावावर मोजले जातात. यातले बहुतेक आज उपलब्ध नाहीत. जी काही रिळं उरली आहेत ती पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपलीत.

आणि एवढं सगळं करून फाळकेंच्या हातात काय राहिलं? जवळजवळ काहीच नाही. प्रत्येक कमाई पुढच्या पिक्चरमध्ये गेली होती. नंतरच्या पिक्चरांची मालकी कंपन्यांची होती. म्हातारपणासाठी म्हणून बाजूला ठेवलेली एकच गोष्ट होती, ती विम्याची पॉलिसी, आणि ती तर पहिल्याच पिक्चरला लावली होती.

यातून शिकायचं काय?

आज पिक्चरसाठी लोकांकडे पैसे मागणाऱ्यासाठी फाळकेंच्या आयुष्यात तीन गोष्टी आहेत.

पहिली, आधी वाटाण्याचं रोप दाखवा. स्वप्न सांगून पैसे मिळत नाहीत, दोन मिनिटांचं का होईना, काहीतरी दिसावं लागतं. आणि ते कमीत कमी खर्चात बनलेलं असावं.

दुसरी, पैसा कुठल्या प्रकारचा आहे ते आधी ठरवा. वर्गणी, कर्ज आणि भागीदारी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गणी देणाऱ्याला पिक्चर पूर्ण झालेला हवा असतो. कर्ज देणाऱ्याला पैसे परत हवे असतात. भागीदाराला पैसे, नफा आणि निर्णयात वाटा, तिन्ही हवं असतं. फाळकेंना आयुष्यभर वर्गणी हवी होती आणि मिळालं कायम कर्ज किंवा भागीदार. लोकांसमोर हात पसरताना हे कागदावर स्पष्ट असेल तर पुढची बरीच भांडणं वाचतात.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. घरच्यांचा पैसा हाही पैसाच असतो. सरस्वतीबाईंचे दागिने, त्यांच्या रात्री, त्यांचे हात, हे कुठल्याच हिशोबाच्या वहीत नव्हते. पिक्चरच्या नामावलीत त्यांचं नाव नव्हतं. आज आपण लो बजेट म्हणतो तेव्हा बऱ्याचदा त्याचा अर्थ एवढाच असतो की खर्च कुणीतरी दुसऱ्याने उचललाय आणि तो मोजलेला नाही. मित्राची गाडी, आईचा स्वयंपाक, बहिणीची एफडी. हे बजेटमध्ये लिहा. परत देता आलं नाही तरी निदान लिहा.

गंमत म्हणजे फाळकेंवर पिक्चर काढायची वेळ आली तेव्हाही हेच घडलं. परेश मोकाशींना ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’साठी स्वतःचं घर गहाण टाकावं लागलं होतं. मराठवाड्याचे नंदू माधव त्यात फाळके झाले, विभावरी देशपांडे सरस्वतीबाई झाल्या आणि २००९ साली तो पिक्चर भारतातर्फे ऑस्करला पाठवला गेला.

लोकांनी पैसे दिले, पण कधी?

भारतीय चित्रपटाला पंचवीस वर्षं झाली म्हणून १९३० च्या दशकाच्या शेवटी मुंबईत मोठा समारंभ भरला. तोपर्यंत सिनेमा हा कोट्यवधींचा धंदा झाला होता. स्टुडिओ होते, स्टार होते, मोटारी होत्या. ज्याच्यामुळे हे सगळं सुरू झालं तो म्हातारा नाशिकला हलाखीत दिवस काढत होता.

व्ही. शांताराम यांनी त्या समारंभात इंडस्ट्रीला आवाहन केलं की फाळकेंसाठी निधी जमवू. पैसे जमले, पण घर बांधण्याइतके जमले नाहीत. उरलेली भर ‘प्रभात’ने घातली. त्यातून नाशिकच्या गोळे कॉलनीत एक छोटा बंगला उभा राहिला. फाळकेंनी त्याला ‘हिंद सिने जन्माश्रम’ असं नाव दिलं.

१६ फेब्रुवारी १९४४ ला दादासाहेब नाशिकमध्येच गेले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने सरकारने १९६९ सालापासून त्यांच्या नावाने सिनेमातला सर्वोच्च पुरस्कार सुरू केला. नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक झालं. गोरेगावच्या चित्रनगरीला त्यांचं नाव लागलं.

पिक्चरसाठी त्यांनी लोकांकडे पैसे मागितले होते तेव्हा लोकांनी शाबासकी दिली. पैसे दिले ते वीसेक वर्षांनी, आणि तेही डोक्यावर छप्पर हवं म्हणून. त्यामुळे तुमच्या गावातला एखादा पोरगा किंवा पोरगी पिक्चर काढायला शंभर-दोनशे रुपये मागायला आली, तर स्क्रिप्ट विचारा, हिशोब विचारा, वाटाण्याचं रोप दाखवायला सांगा. आणि पटलं तर पैसे तेव्हाच द्या.